तानापिहिनिपाजाच्या पलीकडे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला बजावून ठेवलंय की, ‘तुझ्या विषयावर बोल, पण आम्हाला झोप येईल असं बोलू नकोस.’ चाळीस वर्षांपूर्वी याच संयोजकांना विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर झोपलेलं मी पाहिलेलं आहे. त्यामुळे खात्री देत नाही, प्रयत्न करते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ‘मशीनचं काहीतरी’ करते एवढंच माहीत आहे. मी डॉक्टर नाही. मेडिकल फिजिसिस्ट आहे. डॉक्टर ठरवतात की या पेशंटला रेडिएशन द्यायचं. ते किती, कुठल्या कोनातून, किती वेळ, आणि शेजारच्या चांगल्या भागाला धक्का न लावता कसं द्यायचं, याचा हिशोब आम्ही करतो. थोडक्यात, आठवीत गणितात ज्या मुलीचा हातचा कायम राहायचा, ती आता हातच्यांचाच पगार घेते. बाई, हसू नका.

आज मला बोलायचंय उजेडाबद्दल. सुरुवात आपल्याच शाळेतून करते.

१६ फेब्रुवारी १९८०. शनिवार, सकाळची शाळा. त्या दिवशी दुपारी सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा खाली कर्नाटकातून जाणार होता, आपल्याकडे खंडग्रास, पण सूर्य बराचसा झाकला जाणार होता. शाळा सुटताना सरांनी सांगितलं, ‘ज्यांना ग्रहण बघायचंय त्यांनी दुपारी शाळेत या. वर कुणी बघायचं नाही, खाली जमिनीकडे बघायचं.’ आम्हाला वाटलं, सर चेष्टा करतायत.

मला काही जाता आलं नाही. आईने दारं-खिडक्या लावून घेतल्या, खाण्यापिण्यावर तुळशीपत्रं ठेवली आणि मला स्वयंपाकघरात बसवलं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आमचं घर कौलारू. कौलांच्या फटींतून रोज दुपारी जमिनीवर कवडसे पडायचे, रुपयाएवढे गोल. त्या दिवशी अडीचच्या पुढे बघते तर सगळे कवडसे कुरतडल्यासारखे. मग चतकोर भाकरीसारखे. मग चंद्रकोरीसारखे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाच-सहा कोरी. मी ओरडले, ‘आई, ग्रहण घरात आलं!’ आईने घाईघाईने एका कोरीवर परात पालथी घातली, तर ती कोर परातीच्या पाठीवर येऊन बसली. आई घाबरली होती आणि तरी बघत होती. मला तिचा तो चेहरा आजही दिसतो.

सोमवारी सरांनी वर्गात उलगडा केला. कौलाची फट वाकडीतिकडी असते, तरी कवडसा गोल पडतो, कारण तो फटीचा आकार नसतो, ते सूर्याचं चित्र असतं. उजेड सरळ रेषेत येतो, बारीक फटीतून जाताना उलटतो आणि जमिनीवर सूर्य काढतो. सूर्य झाकला की चित्रही झाकलं जातं. सर पुढे म्हणाले होते की, सूर्य आपल्या व्यासाच्या साधारण १०८ पट अंतरावर आहे, म्हणून किरणाच्या वाटेने फटीपासून जमिनीचं अंतर मोजा, त्याला १०८ने भागा, कवडशाचा आकार मिळेल. मी घरी जाऊन मोजलं. आईला म्हटलं, ‘आपल्या स्वयंपाकघरात तुझ्या जपमाळेचे मणी निघाले.’

त्याच आठवड्यात सरांनी कपाटाचं कुलूप काढून शाळेतला एकुलता एक लोलक बाहेर काढला. तो फुटेल म्हणून आम्हाला हात लावू दिला नाही. भिंतीवर पट्टा पडला आणि पन्नास पोरांनी एका सुरात आरोळी ठोकली, ‘तानापिहिनिपाजा!’ तांबडा, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. गोंगाट शमल्यावर मी विचारलं, ‘सर, पण उजेड म्हणजे नक्की असतो काय?’ सर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘काही म्हणतात लाट, काही म्हणतात कण. खरं सांगू का, मला पूर्ण कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं, तर मला येऊन सांगा.’

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. थोडा उशीर झालाय, पण मी सांगायला आले आहे.

आधी त्या पट्ट्याबद्दल. तानापिहिनिपाजा ‘ता’ला सुरू होत नाही आणि ‘जा’ला संपत नाही. १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकाच्या पट्ट्यातल्या रंगांमध्ये एकेक करून थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा जास्त चढला. ते अवरक्त किरण. पुढच्याच वर्षी योहान रिटरने दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या बाहेरच्या अंधारात चांदीचा क्षार काळा पडतो हे दाखवलं. ते अतिनील किरण. म्हणजे भिंतीवर रंग संपले होते, उजेड संपला नव्हता.

पटत नसेल तर आत्ता बघा. हा टीव्हीचा रिमोट. सगळ्यांनी मोबाईल काढा, सेल्फीचा कॅमेरा लावा, मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा दिसत नाही. मी बटण दाबते. दिसला ना रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका? डोळ्यांनी बघितलं तर काही नाही. हा हर्शेलचा उजेड आहे. तुम्ही रोज रात्री त्याच्यावरून घरात भांडता.

हे सगळे एकाच कुळातले आहेत, हे कागदावर मांडलं जेम्स क्लार्क मॅक्सवेलने. वीज आणि चुंबकत्व यांची समीकरणं मांडताना त्याला दिसलं की, दोन्ही मिळून एक लाट पुढे सरकू शकते. तिचा वेग काढला, तर तो उजेडाच्या मोजलेल्या वेगाशी जुळला. १८६५ साली छापलेल्या निबंधात त्याने म्हटलं की, उजेड ही विद्युतचुंबकीय लाटच आहे. पुढे १८८७-८८मध्ये हाइनरिश हर्ट्झने प्रयोगशाळेत ठिणग्या पाडून मोठ्या लांबीच्या, न दिसणाऱ्या लाटा तयार करून दाखवल्या. आपले जगदीशचंद्र बोस यांनी १८९५मध्ये कोलकात्यात अशाच लाटांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली आणि दारू पेटवली. दारू म्हणजे बंदुकीची, मागच्या रांगेने लगेच वर बघू नये.

हर्ट्झचं नाव आपण रोज ऐकत होतो. आठवा, सकाळी रेडिओ लावला की निवेदक सांगायचे, ‘अमुक मीटर, अर्थात अमुक किलोहर्ट्झवर हे आकाशवाणीचं केंद्र आहे.’ ते दोन आकडे एकमेकांनी गुणले की गुणाकार नेहमी ३ लाखांच्या आसपास येतो. ३०० मीटर असेल तर १००० किलोहर्ट्झ. हे ३ लाख म्हणजे उजेडाचा सेकंदाला ३ लाख किलोमीटर वेग. लाटेची लांबी गुणिले सेकंदाला किती लाटा, म्हणजे वेग. वर्षानुवर्षं सकाळी चहा पिताना आपल्याला कुणीतरी उजेडाचा वेग सांगत होतं आणि आपण म्हणत होतो, ‘अरे, बातम्या लागल्या का बघ.’

पेटी वाजवणाऱ्यांसाठी सांगते. सा पासून वरच्या सा पर्यंत कंपनं दुप्पट होतात, ते एक सप्तक. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत कंपनं दुप्पटसुद्धा होत नाहीत. म्हणजे आपल्या डोळ्यांना उजेडाचं एक सप्तकही पुरतं ऐकू येत नाही. आणि त्या मिडियम वेव्हपासून माझ्या हॉस्पिटलच्या मशीनपर्यंत सुमारे पन्नास सप्तकं होतात. रेडिओ, मोबाईल, मायक्रोवेव्ह, रिमोट, तानापिहिनिपाजा, अतिनील, क्ष-किरण आणि गॅमा. पेटी एकच, पट्ट्या वेगवेगळ्या.

मग काही पट्ट्या निरुपद्रवी आणि काही घातक असं का? इथे लाट बाजूला ठेवून कण हातात घ्यावा लागतो. त्यासाठी मी तुम्हाला शाळेमागच्या चिंचेखाली नेते.

मधल्या सुट्टीत आपण चिंचा पाडायचो. कापसाचे बोळे हजार मारले तरी चिंच पडत नाही. नेम धरून एक दगड मारला की पडते. बोळ्यांची एकूण बेरीज दगडापेक्षा जास्त असली, तरी उपयोग नाही, कारण चिंचेचा देठ तुटायला एकाच फटक्यात जोर लागतो. उजेडाचं असंच आहे. धातूवर उजेड पाडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, पण अनेक धातूंवर तांबडा उजेड कितीही प्रखर पाडला तरी एकही पडत नाही आणि मंद अतिनील पाडला तरी लगेच पडतो. १९०५मध्ये आइनस्टाइनने याचं कारण सांगितलं. उजेड गठ्ठ्यागठ्ठ्याने येतो आणि प्रत्येक गठ्ठ्यातली ऊर्जा कंपनसंख्येच्या प्रमाणात असते. १९२१ सालचं नोबेल त्याला या कामाचं नाव घेऊन मिळालं, सापेक्षतेचं नाव घेऊन नाही.

आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा मोबाईल टॉवरचा मेसेज येतो आणि मला टॅग केलं जातं. उत्तर एकदाच देते. मोबाईलच्या लाटेचा एकेक गठ्ठा कापसाचा बोळा आहे. रेणूमधला इलेक्ट्रॉन उडवायला जेवढा जोर लागतो, त्याच्या लाखो पट कमी. खूप बोळे एकदम आले तर ऊब येते, मायक्रोवेव्हमध्ये भात गरम होतो तो तसाच, पण देठ तुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११मध्ये या लाटा ‘कदाचित’च्या यादीत टाकल्या, पुरावा अपुरा आहे म्हणून. त्यामुळे अभ्यास चालू राहावा. पण टॉवरला घाबरणारी माणसं भर उन्हात बिनटोपीची हिंडतात, याचं मला नवल वाटतं. उन्हातला अतिनील गठ्ठा हा खडा आहे. तो कातडीच्या पेशीतल्या डीएनएला इजा करू शकतो.

आणि दगड? ८ नोव्हेंबर १८९५ला विल्हेल्म राँटगेनला जर्मनीत वुर्ट्झबर्गमध्ये क्ष-किरण सापडले. माझं मशीन तेच किरण तयार करतं, फक्त फार मोठ्या जोराचे. इलेक्ट्रॉन उजेडाच्या वेगाजवळ नेऊन टंगस्टनवर आपटायचे, की किरण निघतात. त्यांच्या एका गठ्ठ्यात तानापिहिनिपाजातल्या एका गठ्ठ्याच्या दहा लाख पटीच्या घरात ऊर्जा असते. तो गठ्ठा पेशीत इलेक्ट्रॉन उडवतो आणि डीएनएचे धागे तुटतात. चांगल्या पेशी बऱ्याचशा सावरतात, कॅन्सरच्या पेशींना तेवढं जमत नाही. सगळी उपचारपद्धती या फरकावर उभी आहे.

आमच्याकडे येणारे पेशंट रेडिएशनला काय म्हणतात माहीत आहे? कुणी म्हणतं ‘शेक’, कुणी म्हणतं ‘लाईट’. ‘मॅडम, लाईट घ्यायला आलोय.’ सुरुवातीला मला हसू यायचं. आता वाटतं, ‘शेक’ चूक आहे, कारण एका दिवसाच्या नेहमीच्या मात्रेने त्या भागाचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानेसुद्धा वाढत नाही, चहाच्या एका घोटात याहून कितीतरी उष्णता असते. पण ‘लाईट’ हा शब्द अगदी बरोबर आहे. तो लाईटच आहे, तानापिहिनिपाजाच्या फार पलीकडचा.

आता जे सांगणार आहे ते मी चार लोकांत कधी बोललेले नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी पुढे रेडिएशन सांगितलं, पंचवीस वेळा. माझं आयुष्य ज्या खात्यात गेलं तेच खातं. आणि आई म्हणाली, ‘मी लाईट घेणार नाही.’

मी तिला समजावलं नाही, मी तिला सुनावलं. ‘मी रोज हेच करते, माझ्यावर विश्वास नाही का?’ ती गप्प बसायची. मला वाटायचं, ग्रहणाच्या दिवशी दारं लावणारी ही बाई, हिला काय सांगणार? भाऊ तिच्या बाजूने, मी एकटी एका बाजूला. फोनवर भांडणं. असे साडेतीन महिने गेले. मी रोज अनोळखी माणसांना धीर द्यायचे आणि घरी आईशी अबोला धरायचे.

एका रात्री तिच्याकडे मुक्कामाला होते. झोपायच्या आधी तिने स्वयंपाकघरातला दिवा बंद केला आणि अंधारातच मला विचारलं, ‘तो तुझा लाईट बंद केला की जातो कुठे?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थबकले. हा प्रश्न भौतिकशास्त्राचा होता, आणि चांगला होता. म्हटलं, ‘आई, आत्ता तू दिवा बंद केलास, तो उजेड कुठे गेला?’ ती म्हणाली, ‘तूच सांग.’ म्हटलं, ‘भिंतींनी, भांड्यांनी, तुझ्या लुगड्याने पिऊन टाकला. त्याची किंचित ऊब झाली आणि संपला.’ ‘मग भिंत आता उजेड देत बसत नाही ना?’ ‘नाही.’ ‘अंगाचंही तसंच?’ ‘तसंच. मशीन बंद, उजेड संपला. अंगात काही उरत नाही.’

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘मग वन्संना दवाखान्यातून आणल्यावर आठ दिवस पोरांजवळ का जाऊ दिलं नव्हतं?’

आणि मला सगळं कळलं. माझ्या आत्याला थायरॉईडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सर्गी आयोडीन दिलं होतं. त्या उपचारानंतर काही दिवस लहान मुलांपासून लांब राहायला सांगतात, ते योग्यच असतं. आईने ते डोळ्यांनी बघितलं होतं. भावाचा मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा होता आणि दिवसभर तिच्या मांडीवर असायचा. तिला मरणाची भीती नव्हती. तिला वाटत होतं, आपल्या अंगातून किरण निघतील आणि नातवाला लागतील.

म्हटलं, ‘आई, आत्याला दिवाच गिळायला दिला होता. तो विझेपर्यंत तिच्या पोटात जळत होता. तुला दिवा नाही द्यायचा, नुसता उजेड दाखवायचा आहे.’

ती म्हणाली, ‘हे आधी का नाही सांगितलंस?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. साडेतीन महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की, ‘तुला भीती कशाची वाटते?’ तिचा तर्क चुकला नव्हता, तिला दोन गोष्टींतला फरक कुणी सांगितला नव्हता. आणि तो सांगायचा पगार मी घेत होते.

दुसऱ्या आठवड्यापासून तिने उपचार घेतले. पहिल्या दिवशी खोलीतून बाहेर पडताना मला म्हणाली, ‘एवढं चांगलं आहे तर तुम्ही सगळे बाहेर का पळता?’ हा प्रश्न प्रत्येक पेशंटच्या मनात असतो, विचारतात थोडे. मी माझ्या छातीवरचा बिल्ला दाखवला. आमच्या अंगावर किती किरण पडले हे तो मोजतो. म्हटलं, ‘तुला गरज आहे म्हणून मोजून, नेमक्या जागी पंचवीस दिवस द्यायचा. मला गरज नसताना रोज थोडा थोडा तीस वर्षं कशाला घ्यायचा?’ तिला पटलं. पंचवीसही वेळा ती एकटी त्या जाड भिंतींच्या खोलीत स्थिर पडून राहिली आणि घरी गेल्यावर नातवाला मांडीवर घेतलं.

दीड वर्षाने जखमेच्या जागी आजार परत आला. त्यानंतर ती अडीच वर्षं होती. मी डॉक्टरांना विचारलं, ‘उशीर झाला म्हणून का?’ ते म्हणाले, ‘वेळेवर दिलं असतं तरीही कधी कधी परत येतो. एका माणसाबाबत असं सांगता येत नाही.’ मलाही हिशोब येतो. त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे मला कळतं. पण ते साडेतीन महिने माझ्या वहीत हातचा म्हणून राहिले आहेत.

तेव्हापासून एक नियम केला आहे. नवीन पेशंट आला की मशीनची माहिती देण्याआधी दोन मिनिटं विचारते, ‘तुम्ही लाईटबद्दल काय ऐकलंय?’ लोक सांगतात. कुणाला केस गळतील असं वाटतं, तर सांगते की ज्या भागावर किरण पडतात तिथलेच गळतात. कुणाला वाटतं, जेवणाची भांडी वेगळी ठेवायला हवीत. एक आजोबा म्हणाले, ‘सुनेने अंथरूण अंगणात टाकलंय.’ मी सुनेलाच बोलावून घेतलं. दिवा आणि उजेडाची गोष्ट सांगितली. अंथरूण घरात आलं.

सर, आता तुमचा प्रश्न. लाट की कण?

१९०९मध्ये जी. आय. टेलर नावाच्या तरुणाने एका सुईची सावली फोटोच्या काचेवर पाडली, इतक्या मंद उजेडात की एका वेळी वाटेत जेमतेम एखादाच गठ्ठा असावा. सर्वांत मंद उजेडाला सुमारे तीन महिने लागले. तरीही सावलीच्या कडेला लाटांचे पट्टे प्रखर उजेडात येतात तसेच स्पष्ट आले. पुढे उपकरणं सुधारली, तेव्हा एकेक गठ्ठा पडद्यावर एकेक ठिपका होऊन पडताना दिसला, आणि हजारो ठिपके साठले की त्यांतून लाटेचेच पट्टे उमटले. म्हणजे प्रवास लाटेसारखा आणि पोहोचणं कणासारखं. हिशोब अचूक येतो, त्याच हिशोबावर मी रोज माणसांवर उपचार करते. पण तो एकटा गठ्ठा लाटेसारखा वागतो म्हणजे नक्की काय होतं, हे डोळ्यांपुढे आणायला गेलं की आपल्या ओळखीचं एकही चित्र पुरत नाही. तेव्हा सर, चाळीस वर्षांनी माझं उत्तर असं आहे की, मलाही पूर्ण कळलेलं नाही.

पण त्या दिवशी पन्नास पोरांसमोर ‘मला पूर्ण कळलेलं नाही’ म्हणायला तुम्हाला कमीपणा वाटला नाही, त्याची किंमत मला माझ्या आईपाशी कळली. मला सगळं कळतं असं ज्या दिवसांत मी वागले, तेवढेच दिवस माझे वाया गेले.

मित्रमैत्रिणींनो, आपण सगळे आता साठीच्या आसपास आलो. आपल्यापैकी कुणाला ना कुणाला, किंवा आपल्या घरच्यांना, कधीतरी हा ‘लाईट’ सांगितला जाईल. तेव्हा घाबरलात तरी चालेल, पण गप्प बसू नका. जे वाटतं ते विचारा, वेडगळ वाटलं तरी. आणि जो घाबरलाय त्याला आधी ऐकून घ्या. माझा नंबर ग्रुपवर आहे. टॉवरचा मेसेज पाठवू नका, पण यासाठी रात्री बारालाही फोन करा.

शाळेची नवी इमारत स्लॅबची झाली, फार छान झाली. पण मघाशी सगळे वर्ग हिंडून आले, कुठेच कवडसा सापडला नाही. मुख्याध्यापकांना विनंती आहे, प्रयोगशाळेच्या एका खिडकीला काळा पुठ्ठा लावून त्याला एक बारीक भोक पाडा. खर्च काही नाही. पुढच्या ग्रहणाला एखादी पोरगी जमिनीकडे बघत बसलेली असेल.